भोक पाडलेली खुर्ची

मल्हारी खरातच्या डाव्या बुटात टाचेखाली ट्रॅक्टरच्या टायरचा एक तुकडा आहे. बोटभर जाड. बाहेरून दिसत नाही.

*

गव्हाची कापणी उकिडवं बसून करतात. माण तालुक्यात तशीच, हरियाणातही तशीच.

*

कारखान्याच्या गेटवर पूर्वी एक स्टूल होतं. परदेशी पाहुणे यायला लागल्यावर ते उचलून नेलं.

*

म्हैस उठताना आधी मागचे पाय उचलते, मग पुढचे. माणसाला तसं जमत नाही.

*

खुर्ची लाकडी आहे, हातांची, भक्कम. पाठीवर पांढऱ्या रंगात एक आकडा आणि त्यापुढे बाण. छावणीत कंडम सामानाचा लिलाव झाला तेव्हा घेतलेली. तिच्या बैठकीला मधोमध गोल भोक आहे. ते हौसाबाईने सुताराकडून पाडून घेतलं. सुताराने विचारलं, "किसलिए?" ती म्हणाली, "तुलसी का गमला रखने का है."

*

तीन सह्यांच्या वर टाइप केलेली एक ओळ : पेशंट म्हणतो की तो फर्स्ट क्लास आहे.

*

२००१ सालचा एप्रिल. हरियाणात मानेसरच्या मागचं गाव. दुपारचे तीन.

पाकीट आलं तेव्हा हौसाबाई कुट्टी मशीनचं चाक फिरवत होती. स्वप्नाली बरसीम घासाच्या पेंढ्या मशीनच्या तोंडात सरकवत होती. हिरवा चुरा दोघींच्या पायांवर उडत होता. मल्हारी नुकताच सहा ते दोनची ड्यूटी करून आला होता आणि खाटेवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. डावा बूट काढायला त्याला नेहमी वेळ लागायचा. पाय कुठे संपतो आणि बूट कुठे सुरू होतो ते हाताने चाचपून बघावं लागे.

पाकीट धर्मबीर घेऊन आला. धर्मबीर घरमालक. पलटणीत तो मल्हारीच्याच कंपनीत ड्रायव्हर होता. जमीन कारखान्यांना गेली तेव्हा आलेल्या पैशात त्याने चौदा खोल्या बांधल्या आणि पहिली खोली मल्हारीला दिली. तीन एकर उरले होते, त्यात सध्या गहू उभा होता.

"रिकॉर्ड ऑफिस का है," तो म्हणाला. "खोल, छोरी."

स्वप्नालीने हात ओढणीला पुसले. तिची बारावीची परीक्षा होऊन महिना झाला होता. जानेवारीत मल्हारीच्या अपंगत्व पेन्शनीसाठी मेडिकल बोर्डाकडे फेरतपासणीचा अर्ज तिनेच लिहिला होता.

"पप्पा, बोर्डाची तारीख आली! अठरा एप्रिल. सुबह आठ बजे."

"बघा," हौसाबाई म्हणाली. "मी म्हनलं नव्हतं? दुसऱ्यांदा इचारलं की देत्यात."

"मागच्या वर्षीचा रिपोर्टपण लावलाय सोबत. इंग्लिशमध्ये आहे."

"मग मराठीत वाच."

मल्हारी म्हणाला, "जुनं कशाला वाचायचं? तारीख कळली, बास."

स्वप्नाली वाचत गेली. गुडघा इतका इतका वाकतो. पाय मोडलेला, आत पट्टी घातलेली, हाड जुळलेलं. चाल नॉर्मल. "पेशंट बिना सहारा चालत आत आला आणि सावधान उभा राहिला. पेशंटची काही तक्रार नाही. पेशंट म्हणतो की तो फर्स्ट क्लास आहे. अपंगत्वाची टक्केवारी जुनीच, तीस. नो चेंज."

चाक थांबलं.

"कोन म्हनतो?"

"पप्पा."

हौसाबाईने चाकाचा दांडा सोडला. चाक उलटं अर्धा वळसा फिरलं आणि पात्यात अडकलेली पेंढी बाहेर आली.

"वरीसभर मी त्या तीन डाक्टरांना शिव्या घातल्या," ती म्हणाली.

"कुठं घातल्या?"

"म्हशीम्होरं. रोज धार काढताना. आन् तुमी त्यांना सांगून आला फस्क्लास?"

"ब्रिगेडियर साहेबांनी विचारलं, कैसे हो जवान. त्यावर काय सांगायचं असतं?"

"दुखतंय म्हनून सांगायचं!"

"ब्रिगेडियरला?" मल्हारी म्हणाला.

धर्मबीरला मराठी पुरतं कळत नसे, पण एवढं कळलं. त्याने खाली बघून मिशीवरून हात फिरवला. "भाभी, यो तो हम भी न बोलते."

अठरा वर्षं मल्हारीने त्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. अंगात ताप असताना दिलं होतं. बाप गेल्याची तार खिशात असताना दिलं होतं. ज्या दिवशी बर्फातल्या रस्त्यावरून ट्रक उलटला आणि त्याचा पाय ट्रकच्या फळीखाली सापडला, त्या दिवशी स्ट्रेचरवर कुणीतरी विचारलं, तेव्हाही दिलं होतं. तो प्रश्न विचारण्यासाठी नसायचाच. तो सॅल्यूटसारखा होता. एकाने करायचा, दुसऱ्याने फेडायचा.

"मेडिकलला जायचं म्हणजे चालीत खोट दिसू द्यायची नाही," तो म्हणाला. "नाहीतर कॅटेगरी खाली जाते."

"आता कुठं कॅटेगरी?" हौसाबाई म्हणाली. "पेन्शनीत येऊन आठ वरीस झाली."

बूट खाटेखाली सारताना त्याने टाचेचा भाग भिंतीकडे केला.

*

गेटवर.

निळा युनिफॉर्म, पांढरी शिट्टी, काळा पट्टा. कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग होत. सकाळी कंपनीच्या बसेस येत, नऊला साहेबांच्या गाड्या, अकरानंतर पाहुणे. प्रत्येक गाडीला सॅल्यूट. दिवसाला दीडशेच्या आसपास. मल्हारी वजन उजव्या पायावर ठेवून उभा राहायचा आणि सॅल्यूटच्या क्षणी डाव्यावर आणायचा, म्हणजे टाचा जुळलेल्या दिसत.

दीनानाथ सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर. निवृत्त सुभेदार, गाजियाबादचा. केस रंगवलेले, आवाज अजून मैदानातला.

"खरात, तीस को एजन्सी की फिटनेस परेड है. फॅक्टरी के चार चक्कर, डबल में. जो नहीं दौड़ा, वो घर."

"दौड़ जाऊँगा, साहब."

"पिछली बार तीसरे चक्कर में तू कहाँ था? मैंने गिना नहीं, पर मैंने देखा."

तिसऱ्या फेरीत मल्हारी डिझेलच्या टाकीमागे उभा राहिला होता आणि चौथ्या फेरीत पुन्हा रांगेत घुसला होता. पायाला मुंग्या नव्हत्या, दुखणंही नव्हतं. गुडघ्याखाली काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्या पायावर धावता येत नाही.

"नहा-धो के आया है, जूता चमकाया है," दीनानाथ म्हणाला. "मुझे तेरे जैसे चार और चाहिए. बस टाँग ठीक रख."

एका पांढऱ्या गाडीने हॉर्न दिला. मल्हारीने वजन डाव्यावर आणलं. टाच टेकली की नाही ते त्याला आवाजावरून कळलं.

*

गहू.

हौसाबाईने धर्मबीरचं एक एकर कापायला घेतलं होतं. मजुरीत धान्य नको, भुसा हवा, असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं. दोन म्हशी होत्या, एक गाभण होती, आणि भुशाचा भाव दर वर्षी वाढत होता, कारण ज्या शेतातून भुसा यायचा त्या शेतांवर आता पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. दुधाचं गिऱ्हाईक मात्र पक्कं होतं. गुडगावच्या नव्या इमारतींत दूध नेणारा मोटरसायकलवाला पहाटेच येऊन उभा राहायचा.

उन्हाआधी, पाचला, ती ओळीत बसायची. दोन्ही टाचा जमिनीवर, गुडघे छातीशी, डाव्या हाताच्या मुठीत ताटं, उजव्यात विळा. बसल्या बसल्या पुढे सरकायची. शेजारच्या ओळींत धर्मबीरची बायको आणि गावातल्या तीन बायका. कुसळं गळ्यात जात, कोपरांत जात, संध्याकाळी अंघोळीनंतरही टोचत राहत.

मल्हारी दुपारी ड्यूटीवरून आला की शेतात यायचा. बसता येत नव्हतं म्हणून उभ्याने पेंढ्या बांधायचा. कमरेत वाकायचा, डावा पाय मागे काठीसारखा सरळ.

"फौजी तो बगुला हो रया सै," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. मल्हारीही हसला.

हौसाबाई हसली नाही. ती उठली, त्याच्या मागून दहा पावलं चालत गेली आणि सरीतून काहीतरी उचलून आणलं.

"घ्या."

त्याची डाव्या पायातली चप्पल होती. त्याने खाली बघितलं. पाय अनवाणी होता आणि कापलेल्या गव्हाच्या खुंटांनी तळवा तीन ठिकाणी फाटला होता. रक्त मातीत मिसळून काळं झालं होतं.

"कवा निसटली?" त्याने विचारलं.

"मला इचारता?"

तिने पदराची किनार फाडली, घागरीतल्या पाण्याने तळवा धुतला. बायका आता विळे चालवत होत्या आणि इकडे बघत नव्हत्या. ती जखमेतून खुंटाचं कुसळ काढत होती. तो तिसरीकडेच बघत होता, पश्चिमेला, जिथे ढगांचा एक पट्टा उभा होता.

"गारा पडतील का?" तो म्हणाला.

"पडूंद्या. आता मी इथं सुई घातली तर तुमाला कळंल का?"

"न्हाई."

"हे सांगायचं बोर्डाला. एवढंच."

*

स्वप्नालीची यादी, वहीच्या मागच्या पानावर, निम्मी हिंदी :

१. पैर सुन्न. गुडघ्याच्या खाली.
२. चप्पल निघून जाते, पता नहीं चलता.
३. गेटवर तीनदा पडले. (पप्पा म्हणतात दोनदा.)
४. डावा पाय छोटा वाटतो.
५.

"पाचवं लिही," हौसाबाई म्हणाली. "उकिडवं बसता येत न्हाई."

"उकिडवं म्हणजे?"

"अगं, उकिडवं! अठरा वर्सांची घोडी झाली आन्..." हौसाबाई अंगणात बसून दाखवायला लागली. "हे असं. परसाकडला बसतात तसं."

"अच्छा, उकड़ू. सीधा बोलो ना, आई."

"आमी सरळच बोललो."

"मग पप्पा टॉयलेटला..." स्वप्नाली थांबली. खोलीच्या मागे, तुरीच्या काड्यांच्या आडोशात, ती खुर्ची होती. खाली बादली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि घरात कुणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं.

"खुर्चीचं नाव काढायचं न्हाई," मल्हारी खाटेवरून म्हणाला. "पाचवं खोड."

स्वप्नालीने आईकडे बघितलं. हौसाबाई म्हणाली, "ऱ्हाऊदे."

मग सराव सुरू झाला. संध्याकाळचं ऊन भिंतीवर होतं. हौसाबाई खाटेवर मांडी घालून ब्रिगेडियर झाली. धर्मबीर हुक्का घेऊन दुसरा डॉक्टर झाला. मल्हारीने गल्लीतून आत यायचं.

तो आत आला. सरळ, दमदार, हात मुठीत.

"कैसे हो जवान?" हौसाबाईने विचारलं.

"फर्स्ट क्लास, सर."

"माझं कर्म! परत या."

तो परत गेला, परत आला.

"कैसे हो जवान?"

"ठीक हूँ, सर."

"ठीक?"

"थोडा कमी केला की."

धर्मबीर खोकत हसला. "भाई, तू लंगड़ाता हुआ आ. जैसे सुबह-सुबह चलता है, वैसे."

"मी मुद्दाम लंगडू?"

"मुद्दाम नगं," हौसाबाई म्हणाली. "आमी बघत नसताना जसं चालता, तसं."

हे त्याला लागलं. तो परत गल्लीत गेला. कोपऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू त्याच्याजवळ आला. त्याने वाकून तो उचलला नाही. उजव्या पायाने परत मारला, सफाईने, आणि आत आला. पुन्हा सरळ.

"कैसे हो जवान?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हे बरं हाय," हौसाबाई म्हणाली. "फस्क्लासपरीस गप्प बरं. जा, भाकरी खाऊन घ्या."

*

सतरा तारखेला अर्धं एकर उभं होतं आणि ढग तालुकाभर पसरले होते. धर्मबीरच्या बायकोने हौसाबाईला सांगितलं, तू दिल्लीला जा, तुझ्या ओळी आम्ही घेऊ. तू माझ्या बाळंतपणात म्हशी सांभाळल्या होत्यास. हौसाबाईने विळ्याला धार लावून तो तिच्याकडे दिला.

अठराला पहाटे मल्हारीने दाढी केली. दोनदा. शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश. टायरचा तुकडा डाव्या बुटात होताच, त्याने तो काढला नाही. हौसाबाईने ते बघितलं.

हायवेवर बस थांबली तेव्हा त्याला दिसलं की ती मागे राहिलीय. मग ती आली, डोक्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी घेऊन. चार पाय चादरीखालून बाहेर.

"हे काय?"

"काही न्हाई."

"हौसे, ही खुर्ची हाय."

"तुमच्या तोंडाला येत न्हाई ना, मग ऱ्हाऊदे संगट."

"परत ठेव."

"बस निघाली. चढा."

कंडक्टर म्हणाला, "ताई, कुर्सी का भी टिकट लगेगा." हौसाबाई म्हणाली, "कुर्सी पे मैं बैठती, मेरी सीट किसी और को दे." कंडक्टरने नाद सोडला. मल्हारी धौला कुआँ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारतींचे सांगाडे, बांबूंचे परांचे, त्यांवर माणसं. मधेच एखादं पिवळं शेत.

*

छावणीतल्या रुग्णालयाची पडवी लांब होती. बाकांवर पंचवीस-तीस माणसं, सगळी दाढी केलेली, सगळी ताठ. एकाला डावा हात नव्हता, त्याने रिकामी बाही घडी करून पिन लावली होती. पडवीच्या टोकाला टेबल, टेबलामागे क्लार्क.

हौसाबाईने खुर्ची भिंतीला लावली. चादर तशीच.

क्लार्क आवाज देत होता. एकेक आत जात होता, पाच-सात मिनिटांत बाहेर येत होता. साडेदहाला क्लार्कची स्वतःची खुर्ची कुणीतरी आत नेली. त्याने इकडेतिकडे बघितलं, चादर घातलेली खुर्ची दिसली, ती ओढली आणि बसला. बसला तो बराच खाली गेला. गुडघे वर आले. रजिस्टर हातातून पडलं.

बाकांवरची सगळी ताठ माणसं हसली. हात नसलेला सगळ्यांत जोरात हसला.

"किसकी है ये?" क्लार्क उठत ओरडला. त्याने चादर वर करून बघितली. भोक बघितलं. मग पाठीवरचा आकडा आणि बाण. "ये तो सरकारी माल है!"

मल्हारीचे कान लाल झाले. हौसाबाई उठणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, "मेरी है. कंडम में ली है, नीलामी से. रसीद घर पे है."

"इसमें छेद किसने किया?"

"मैंने करवाया," हौसाबाई म्हणाली.

क्लार्कने चादर परत घातली, नीट, चारी कोपरे ओढून, आणि खुर्ची भिंतीला लावली. मग रजिस्टर उचलून हाक मारली, "हवलदार खरात मल्हारी."

हौसाबाईला दारात थांबवलं. "सिर्फ पेशंट."

*

आत तीन डॉक्टर. मध्ये बाई होत्या, कर्नल. पिकलेले केस, चष्मा दोरीला. दोन बाजूंना दोन तरुण मेजर.

मल्हारी चार पावलं चालला, थांबला, टाचा जुळवल्या. आवाज झाला.

"कैसे हैं, हवलदार साहब?"

"फर्स्ट क्लास, मॅडम."

ते निघून गेलं होतं. त्याने ऐकलं. मग त्याने दुसरा आवाज ऐकला : एक मेजर लिहायला लागला होता. पेनाचा आवाज खोलीत एवढा येईल असं त्याला वाटलं नव्हतं. शब्द संपला, पेन उचललं, पुढचा शब्द सुरू झाला.

"मॅडम, वो मत लिखिए."

पेन थांबलं.

"क्या न लिखें?"

"फर्स्ट क्लास. वो मैंने जवाब दिया. हाल नहीं बताया."

कर्नल बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तो हाल बताइए."

तो सावधानच उभा होता. यादी शर्टाच्या खिशात होती, पण त्याने ती काढली नाही. तो म्हणाला, "मॅडम, मैं बैठ जाऊँ?" आणि उत्तराची वाट न बघता तपासणीच्या पलंगावर बसला. अठरा आणि आठ, सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा एखाद्या अधिकाऱ्यासमोर न सांगता बसला. त्याने डाव्या बुटाची नाडी सोडली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. बूट उलटा करून हलवल्यावर टायरचा तुकडा फरशीवर पडला आणि उड्या मारत टेबलाखाली गेला.

एका मेजरने वाकून तो उचलला. नखाने दाबून बघितला.

"ये पिछले बोर्ड में भी था?"

"था, सर."

"क्यों?"

"चाल सीधी दिखती है, सर."

मेजरने फीत काढली. मांडीपासून घोट्यापर्यंत, आधी उजवा पाय, मग डावा. दोनदा मोजलं. कर्नल बाईंनी सुई घेतली आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. टोचलं की बोला.

तो वाट बघत होता. पंखा फिरत होता. बाहेर क्लार्क कुणालातरी नाव दोनदा विचारत होता. खूप वेळाने गुडघ्याच्या जरा खाली त्याला काहीतरी लागलं. "हाँ."

"डोळे उघडा," असं त्या हिंदीत म्हणाल्या. तळव्यापासून वर सुईच्या लाल ठिपक्यांची रांग होती. त्याने मोजली नाही. तळव्यावर हौसाबाईने बांधलेली पदराची किनार होती, तिच्याकडे बाई बघत होत्या.

"ये कब लगा?"

"गेहूँ में. चप्पल निकल गई थी. घरवाली ने बताया."

"नीचे बैठ सकते हैं? उकड़ू?"

"नहीं."

"तो शौच के लिए कैसे जाते हैं?"

हा प्रश्न सरावात नव्हता. ब्रिगेडियर झालेल्या हौसाबाईने तो विचारला नव्हता. तिला विचारता आला असता.

मल्हारी उठला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. सरळ चालता येण्याची काही सोयच नव्हती आता. उजवा, मग डावा फेकून, मग भिंतीला हात. तो दारापर्यंत गेला, दार उघडलं. तिघंही बघत होते. पडवीतले सगळे बघत होते. त्याने खुर्ची हाताने धरून ओढली. फरशीवर तिचे पाय वाजत आले. खोलीच्या मधोमध, टेबलापुढे, त्याने ती ठेवली आणि चादर काढली.

"ऐसे," तो म्हणाला.

कर्नल बाई उठून खुर्चीजवळ आल्या. भोकाची कड पाहिली, सुताराने पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली. पाठीवरचा आकडा पाहिला.

"ये तो अपनी ही है."

"जी, मॅडम. कंडम थी."

"मजबूत है," त्या म्हणाल्या. मग जागेवर बसून मेजरच्या हातातलं पेन त्यांनी घेतलं आणि स्वतः लिहायला लागल्या. खूप वेळ लिहीत होत्या. मल्हारी उभा होता, भिंतीला टेकून, आणि कुणी त्याला सावधान म्हटलं नाही.

*

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर जागा मिळाली. मल्हारी खिडकीशी बसला, हौसाबाई शेजारी, खुर्ची दोघांच्या पुढ्यात. चादर आता तिने गुडघ्यांवर घडी करून ठेवली होती.

"काय लिवलं?"

"दाखवत नसतात. रिकॉर्डला जाईल, मग येईल."

"तुमी काय सांगितलं?"

"आधी फर्स्ट क्लास सांगितलं."

तिने कपाळाला हात लावला.

"मग परत घेतलं," तो म्हणाला.

"परत घेता येतं?"

"घेतलं."

गुडगाव मागे गेलं. "मी ठरीवलंय," ती म्हणाली. "टक्का येऊदे न्हाईतर न येऊदे. तीस तारखेला पळायचं न्हाई. गाभण म्हस जेठात व्यायची हाय. मोटरसायकलवाला वरचा डबा मागतोय. दूध मोजायला खुर्चीवर बसून बी चालतंय."

"ह्या खुर्चीवर?"

"दुसरी आनू की. बिनभोकाची."

तो हसला. मानेसर आलं. उठताना गुडघा अडकला होता. त्याने समोरच्या सीटचा दांडा धरला, सोडला, आणि हात तिच्याकडे केला. तिने ओढून उभं केलं. उतरताना एका कामगाराने खुर्ची खाली घेतली.

गारा पडल्या नव्हत्या. शेतात धर्मबीरची बायको हौसाबाईच्या ओळी कापत होती आणि पाऊण एकर आडवं झालं होतं. हौसाबाईने लुगड्याचा ओचा खोचला, विळा मागून घेतला आणि बसली.

*

तीस तारखेला मल्हारी गेटवर गेला. युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पिशवीत. अंगावर साधा शर्ट. पायात चपला, डावीला मागून पट्टा शिवलेला. मोचीने एका बैठकीत शिवून दिला होता.

मैदानावर सगळे गार्ड रांगेत उभे होते. दीनानाथने त्याला बाजूला घेतलं.

"दौड़ेगा नहीं?"

"नहीं, साहब."

"बोर्ड में क्या बोला?"

"जो था वो बोला."

दीनानाथने रांगेकडे बघितलं, मग आवाज उतरवला. मैदानातला आवाज एवढा खाली येऊ शकतो हे मल्हारीला माहीत नव्हतं. "उन्होंने सुना?"

"पहले लिख रहे थे. मैंने रोका, फिर सुना."

दीनानाथने मान हलवली. त्याचा उजवा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला, पाठीच्या मणक्याशी, आणि तिथे दाबून राहिला. मग त्याने शिट्टी तोंडात घातली आणि रांगेला धावायला सांगितलं.

*

रिकॉर्ड ऑफिसचं पत्र सप्टेंबरात आलं. स्वप्नाली नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. रविवारी घरी आली तेव्हा तिने वाचलं : साठ टक्के, आजीवन. पुन्हा तपासणी नाही. मल्हारीने तिला ते दोनदा वाचायला लावलं. हौसाबाईने ते म्हशीला सांगितलं. दोन डॉक्टर मेजरांना आणि एका बाईला तिने नावं माहीत नसताना आशीर्वाद दिले आणि मागल्या वर्षीच्या तिघांच्या शिव्याही, एकेक करून, परत घेतल्या.

*

मागल्या वर्षीच्या बोर्डाच्या दिवशी परतीची बस जवळजवळ रिकामी होती. फर्स्ट क्लास सांगून निघालेला मल्हारी धौला कुआँपासून मानेसरपर्यंत उभा राहून आला होता.